शिवायचं नाही

डब्याचं झाकण उघडलं
की आधी तंबाखूचा वास येतो.
निपाणीत तो सगळ्यांच्या आधी पोचतो,
नोटांना येतो, शाळेच्या वह्यांना येतो,
आणि वखारीच्या भिंतीवर ठोकलेल्या
चोवीस तोंडांच्या या पत्र्याच्या डब्यालाही.

संकेश्वरहून बसलिंग फोनवर:
"सात नंबर तीन डेसिबल खातोय, सातेरी.
कोण बसलंय बघ तिथं.
आणि मुट्टबेड हं. बोट मुट्टबेड."

आधी पलीकडचा लेझर बंद करायला सांगितला.
तो उजेड दिसत नाही, पण डोळा घेऊन जातो.
मग स्कोप लावला.
पडद्यावर तव्याएवढं राखाडी वर्तुळ,
मधोमध नऊ मायक्रॉनची वाट,
आणि वाटेवर ऐसपैस बसलेला तंबाखूचा एक कण,
रस्त्यात म्हैस बसावी तसा.
उजेडाला हॉर्न नसतो.

पूर्वी मी पुसायचो.
बनियनच्या टोकानं. देवाशप्पथ.
फुंकरसुद्धा मारायचो;
फुंकरीत थुंकी असते, हे तिशीत कळलं.
पुसलेला कण जात नाही, नुसता सरकतो,
आणि सरकताना काचेवर
आपली सही करून ठेवतो.
कोरडं घासलं तर वीज साठते,
वीज आणखी धुळीला आवतण देते.

आता हे पिस्तूल आहे.
याचं तोंड काचेच्या तोंडाला लागत नाही.
मध्ये थोडी हवा राहते.
त्या हवेतून आधी दंव जातं, मग कोरडा वारा,
आणि सुटलेलं सगळं बाजूची नळी ओढून घेते.
फुस्स. एवढाच आवाज.

याच वखारीत आई तंबाखू चाळायची.
दुपारी मागच्या ओट्याखाली उभी राहायची, ओंजळ करून,
आणि वरून मालकीणबाई पाणी ओतायच्या.
तांब्या हातभर वर.
धार सुटायची, तांब्या शिवायचा नाही.
थेंब सांडू नये म्हणून आई
मान कुठल्या कुठे वाकवायची.
मी तिच्या पदराआड, पाच वर्षांचा.
पाणी स्वच्छच होतं. खोटं कशाला बोलू.

शिवू नको, हे माझं पहिलं पाठांतर.
गल्लीच्या या टोकाला मराठीत,
त्या टोकाला कन्नडमध्ये.
बोर्डावरच्या अक्षरांवरून इथं डोकी फुटली,
त्या एका वाक्यावर मात्र
कधी कुणाचा वाद झाला नाही.

पहिल्या झटक्यानं म्हैस उठली,
पण ओलीचं एक कडं राहिलं.
दुसऱ्यांदा नुसता वारा दिला.
स्कोपमध्ये परत बघितलं:
राखाडी, गोल, रिकामं.
इतकं रिकामं की जरा वेळ बघतच बसलो.
टोपी लावली नाही, टोपीतही धूळ असते.
सरळ खोबणीत बसवलं. टक्.

"बंतु!" बसलिंग ओरडला. "बंतु, बंतु!
पॉइंट तीन! काय केलंस रे?"
काही नाही, म्हटलं. हात लावला नाही.

आत वखारीच्या ऑफिसात
कुणाचा तरी अडकलेला आवाज सुटला,
अर्ध्या वाक्यापासून पुढं बोलायला लागला.
मालकांची नात बाहेर आली,
कानात एक बोंडूक, एक लोंबतं,
हातात स्टीलचा ग्लास.
"पाणी घ्या काका."

"ठेवा तिथं," मी म्हणालो.
ओट्याकडे बोट करून.
माझ्याच तोंडातून निघालं ते,
कुणी शिकवल्यासारखं, चटकन.

तिला काही कळलं नाही.
ती ग्लास पुढं धरून तशीच उभी,
जरा कंटाळलेली,
क्लास चालू होता तिचा.

हाताला औषधाचा वास होता.
पँटीला पुसले दोन्ही हात, उगाचच दोनदा,
आणि तिच्या हातातून घेतला.
बोटं लागली.
ती परत वळलीसुद्धा.

प्यायल्यावर ग्लास उजेडात धरला.
सवय आहे.
सगळा ठशांनी मळलेला,
कुठला कुणाचा, ते सांगता येईना.